वाडीचं कुत्रं, घरचं कुत्रं

मुंबईत रस्त्यावर माणूस खाली वाकला की जवळचं कुत्रं मागे सरकतं. हातात दगड असो वा नसो, वाकण्याचा अर्थ त्याला ठाऊक असतो. आमची तांबी घरात आली तेव्हा मी जमिनीवरचं वर्तमानपत्र उचलायला वाकले तरी ती सोफ्यामागे जाऊन बसायची. सूनबाई म्हणाली, "आई, हिला कोणीतरी फार मारलंय." मारलं असेलही. पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे 'कोणीतरी मारलं' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. या शहराचा आणि या जनावराचा दोनशे वर्षांचा व्यवहार आहे. त्यात भाकरी आहे, दगड आहे, गाडी आहे, दवाखाना आहे. वाढलेलं कुत्रं घरात आणलं की तो सगळा व्यवहार त्याच्याबरोबर घरात येतो. पिल्लाचं तसं नसतं, त्याची पाटी बरीचशी कोरी असते. तांबी आली तेव्हा चारपाच वर्षांची होती आणि तिच्या डाव्या कानाला खाच होती. त्या खाचेचीसुद्धा एक हकिकत आहे, तिच्याकडे येतेच.

मी परळची. बैलघोडा हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर आमची चाळ होती. पाटीवर 'बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स' असं लांबलचक नाव, पण परळमध्ये कोणालाही विचारा, बैलघोडाच म्हणेल. आई गिरणीकामगारांची खाणावळ चालवायची. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची एकटी माणसं महिन्याच्या बोलीनं जेवायला यायची. त्यांना आम्ही मेंबर म्हणायचो. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत चूल पेटलेली असे, आणि रात्री शेवटचा मेंबर हात धुऊन गेला की बांगड्याचे काटे, भाताची खरवड, भाकरीचे करपलेले पापुद्रे एका जर्मनच्या थाळीत जमत. ती थाळी मागच्या दारी जायची. तिथे मोत्या बसलेला असे.

मोत्या कोणाचा, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तो वाडीचा होता. सकाळी तो कोपऱ्यावरच्या इराण्याकडे पाव खायचा, दुपारी तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या दारात झोपायचा, रात्री आमच्याकडे जेवायचा. अनोळखी माणूस रात्री वाडीत शिरला तर आधी त्याला मोत्याला तोंड द्यावं लागे. चाळीतल्या सगळ्या मेंबरांचा वास मोत्याला पाठ होता. रातपाळीहून येणाऱ्यावर तो कधी भुंकला नाही. एवढं सगळं करून तो उंबऱ्याच्या आत कधी आला नाही, आणि त्याला कोणी बोलावलंही नाही.

या उंबऱ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडे कुत्र्याचा जेवणावरचा हक्क फार जुना आहे. वैश्वदेवात कावळ्याच्या जोडीनं कुत्र्याचाही भाग काढून ठेवायचा असतो. मुंबईतल्या पारशी घरांमध्ये जेवणातला घास कुत्र्यासाठी बाजूला काढायची रीत होती, तिला ते 'कुत्रानो बूक' म्हणत. पारशांच्या धर्मात तर कुत्र्याचा मान मोठा. माणूस गेला की प्रेताला कुत्र्याची नजर दाखवायची, त्या विधीचं नाव सगदीद. आपल्याकडे दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद म्हणतात. भैरवाचं वाहन कुत्रं. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रं आहेच, आणि देवाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला त्याचं कुत्रं मानत आले आहेत. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचे. पण त्या कुत्र्याला नामदेवांनी घरी आणून ठेवलं, असं त्या गोष्टीत कुठेही नाही. चार कुत्री देवघरातल्या तसबिरीत, पाचवं जिन्याखाली. या मांडणीत कोणाला काही विसंगत वाटत नव्हतं, आणि मला वाटतं मोत्यालाही वाटत नव्हतं. घास त्याचा, राखण त्याची, घर आमचं.

हा करार पहिल्यांदा मोडला तो इंग्रज सरकारनं, आणि त्यावरून मुंबईत दंगल झाली. आमच्या क्रमिक पुस्तकांत 1857 यायचं, 1832 कधी आलं नाही. मला ते नोकरीच्या उत्तरार्धात वाचनात सापडलं. इतिहासकार जेसी पालसेतिया यांनी या दंगलीवर एक सविस्तर निबंध लिहिला आहे. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम 1813 पासून होता, पण तो उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांपुरता. कुत्री उन्हानं पिसाळतात अशी तेव्हाची समजूत. 1832 साली पोलिस मॅजिस्ट्रेटांनी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आठ आणे त्या काळी लहान रक्कम नव्हे. साहजिकच मारेकरी पिसाळलेलं कुत्रं शोधत बसले नाहीत. जे हाताशी लागेल ते, घराच्या अंगणातलं, दारात बसलेलं, तेही उचललं जाऊ लागलं.

6 जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात, म्हणजे आजच्या फोर्टमध्ये, कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले, दुकानं बंद, बाजार बंद. कुलाब्याच्या छावणीला जाणारी रसद अडवली. गोऱ्या साहेबांच्या गाड्यांवर कचरा फेकला. शेवटी लष्कर बोलावून धरपकड करावी लागली, खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या. पण सरकारलाही माघार घ्यावी लागली. कुत्री जागेवर मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर न्यावीत, असं ठरलं. आणि 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मंडळींनी भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी केली, ती आजही आहे. आज तिथे गायी दिसतात म्हणून ती गायींसाठी निघाली असं लोक समजतात. तिच्या जन्माच्या कथेत गोळीला बळी पडणारी कुत्री आहेत, हे तिथे गवताची पेंढी विकत घेऊन गायीला घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल.

या दंगलीत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रस्त्यावर उतरलेल्या लोकांचं म्हणणं 'ही कुत्री आमच्या घरात घेतो' असं नव्हतं. 'ही कुत्री आमच्या रस्त्यावर राहतील' असं होतं. वाडीच्या कुत्र्याला वाडीत राहण्याचा हक्क आहे, आणि तो सरकारनं आठ आण्याला विकू नये, एवढंच.

पुढची साठ वर्षं दवाखान्यांची. 1874 मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावानं परळला जागा आणि पैसा दिला, आणि 1884 मध्ये लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते ते इस्पितळ उघडलं. 1886 मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. शहर तेव्हा बैल आणि घोड्यांवर चालत होतं. ट्रामसुद्धा घोडे ओढत. दवाखाना त्यांच्यासाठी निघाला, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव अगदी बरोबर. कुत्रं मागच्या दारानं आत आलं. आज बैल नाहीत, व्हिक्टोरिया गेल्या, आणि त्या आवारात जास्त करून कुत्री-मांजरंच दिसतात.

पण याच काळात कुत्र्याच्या विरुद्ध बाजूही बळकट झाली, आणि ती खोटी नव्हती. रेबीज एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. 1885 मध्ये जोसेफ मायस्टर या मुलाला पाश्चरची लस टोचली गेली. 1900 मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, आणि कसौलीतच 1911 मध्ये डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस केली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं हिंदुस्थानानं तीच वापरली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्येही ती बनायची. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं म्हणतात ती हीच. आमच्या चाळीतल्या एका मुलाला कुत्रं चावलं तेव्हा त्याचा बाप रोज त्याला खांद्यावर टाकून घेऊन जायचा आणि परत येताना पोराचा आवाज बसलेला असायचा. त्या घरातल्या बाईनं पुढे आयुष्यभर कुत्र्याला दगडच मारला. मी तिला नावं ठेवणार नाही. ती लस 2005 च्या सुमारास बंद झाली, आता दंडावर मोजकी इंजेक्शनं घ्यावी लागतात. भीती मात्र अजून चौदाचीच आहे.

त्या भीतीच्या पोटी कुत्रेगाडी आली. महापालिकेच्या कायद्यात पट्ट्याचं कुत्रं आणि बिनपट्ट्याचं कुत्रं असा भेद होता. पट्टा असेल तर मालक आहे, नसेल तर गाडी आहे. पिंजऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राही, माणसं लोखंडी चिमटे घेऊन उतरत. मानेला नाहीतर कमरेला चिमटा, की कुत्रं गाडीत. पोरं ओरडत पुढे धावत आणि कुत्र्यांना हुसकावून देत. आमच्या आईनं जुन्या छत्रीचं कापड पिळून मोत्याच्या गळ्यात पट्टा बांधला होता. गाडी दिसली की ती मागच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि विचारलं तर सांगायची, "आमचं आहे." गाडी गेली की मोत्या पुन्हा वाडीचा. बहुतेक वाड्यांतून अशी एखादी बाई असेच. घरात न घेतलेल्या कुत्र्यावर मालकी सांगण्याचा हा तात्पुरता, तोंडी दत्तकविधी होता.

ज्यांना अशी बाई मिळाली नाही, त्यांना महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात नेत आणि विजेचा धक्का देऊन मारत. वर्षाला हजारोंनी कुत्री मारली जात होती, आणि रस्त्यावरची कुत्री कमी होत नव्हती. कारण साधं आहे. उकिरडा तिथेच, खाणावळीची थाळी तिथेच, मटणाच्या दुकानामागचा ढीग तिथेच. एक जागा रिकामी झाली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं तिथे येतं, आणि नव्यानं आलेलं कुत्रं जास्त भांडतं, जास्त चावतं. 1990 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनंही नुसत्या मारण्यानं काही साधत नाही असंच मांडलं. प्राणिमित्र संस्था आणि कोर्टाच्या रेट्यानं 1994 पासून मुंबईत मारणं थांबलं आणि नसबंदी सुरू झाली. महालक्ष्मीच्या त्याच कोंडवाड्यात आता शस्त्रक्रिया होऊ लागल्या. डिसेंबर 2001 मध्ये हाच मार्ग देशभरासाठी नियम म्हणून आला, आणि 2023 मध्ये ते नियम नव्यानं लिहिले गेले. कुत्रं उचलायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच मारायची आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. तांबीच्या कानातली खाच ती ही. 1832 च्या लोकांनी जे मागितलं होतं ते एकशे एकोणसत्तर वर्षांनी कायद्यात लिहिलं गेलं.

आता या कायद्यातली एक फट सांगते. 'जिथून उचललं तिथेच' म्हणताना कायद्यानं गृहीत धरलं की ती जागा राहणार आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि तो संप कधी संपला असं म्हणताच येत नाही. मेंबर गावी गेले. आईची खाणावळ बंद पडली. परळ-लालबागमधली मागच्या दारची थाळी अशी एकेक करून उचलली गेली. मग गिरण्यांच्या जमिनी गेल्या, मग चाळी पुनर्विकासात निघाल्या. आमचीही निघाली. आम्ही ट्रान्झिट कॅम्पात गेलो, चाळीभोवती निळे पत्रे लागले, आणि वाडीची कुत्री त्या पत्र्याबाहेर बसून राहिली. राखणाऱ्याला राखायला काही उरलं नाही. टॉवर उभा राहून आम्ही परतलो तेव्हा तिथे गेट होतं, वॉचमन होता, पोडियमवर कृत्रिम हिरवळ होती. जुन्या कुत्र्यांपैकी एक तांबडी कुत्री गेटसमोर फुटपाथवर बसलेली. चाळ पडली तेव्हा ती वाढीचं पिल्लू असेल. सोसायटीच्या सभेत तिला 'हटवण्याचा' विषय निघाला. मी तिला वर घेऊन आले. तीच तांबी.

आमच्या पिढीत मध्यमवर्गानं घरात कुत्रं पाळलं नाही असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात दादर-पार्ल्याच्या बंगल्यांत अल्सेशियन असे, ब्लॉकमध्ये पांढरा पॉमेरियन, आणि दारावर 'कुत्र्यापासून सावध रहा'. पण ते पिल्लू असे, विकत घेतलेलं असे, आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलत. 'सिट, शेकहँड' म्हणणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ स्वतःच्या मुलांशी मात्र शुद्ध सदाशिवपेठी बोलत. गल्लीतलं वाढलेलं कुत्रं घरात घेणं ही त्यानंतरची गोष्ट. नसबंदीसाठी उचललेली कुत्री संस्थांच्या पिंजऱ्यांत काही दिवस राहू लागली, अपघातातली, पाय गेलेली, म्हातारी कुत्री परत रस्त्यावर सोडता येईनात, आणि मग 'दत्तक द्या, दत्तक घ्या' सुरू झालं. यात पुन्हा पारशी पुढे. टाटांच्या बॉम्बे हाउसमध्ये रस्त्यावरची कुत्री पूर्वीपासून आत येऊन बसत. 2018 मध्ये इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा तळमजल्यावर त्यांच्यासाठी वेगळी खोलीच केली. देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगसमूहांपैकी एकाच्या मुख्यालयात गल्लीतल्या कुत्र्याला खोली, आणि आमच्या सोसायटीत त्याला लिफ्ट नाही!

तांबीनं लिफ्ट स्वतःच नाकारली. दार बंद होणारी पेटी तिला मान्य नव्हती. चिमटा आणि पिंजरा तिनं पाहिला होता तो नसबंदीच्या वेळी, एकदाच, तेवढा पुरला. आम्ही जिन्यानं चढलो-उतरलो. माझ्या गुडघ्यांना ते मानवलं नाही, पण तिच्या मनाला मानवलं. पुढे लिफ्टचं दार उघडं धरून आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवायचा, तिनं खाऊन बाहेर यायचं, दार लावायचंच नाही, असं चालवलं. मग एक मजला. मग दोन. घाई करायची नाही हा यातला सगळा मंत्र, आणि घरातल्या पुरुषांना तो शेवटी कळतो.

उंबऱ्याचंही तसंच. पहिल्या दिवशी ती दारापर्यंत आली आणि तिथेच बसली. तिला आत ओढायचं नाही हे मी ठरवलं होतं. कितीतरी पिढ्यांनी तिच्या जातीला दारात थांबायला शिकवलंय, ते एका दुपारी कसं पुसणार? जेवणाची थाळी मी उंबऱ्यावर ठेवली, मग हातभर आत, मग स्वयंपाकघराच्या दाराशी. तोंडात घास धरून ती बाहेर जाई आणि पॅसेजमध्ये खाई. बाकीची कुत्री हिसकावतील म्हणून रस्त्यावर असंच खावं लागतं. तिच्या खाण्यात कोणी हात घालायचा नाही, खाताना आणि झोपेत तिला हात लावायचा नाही, हे मी नातवाला बजावलं. त्यानं ते पाळलं. सोसायटीतल्या पाहुण्यांनी पाळलं नाही, म्हणून सुरुवातीचे आठवडे पाहुणेच बंद केले. आंघोळही घातली नाही. लोकांना आणल्या-आणल्या कुत्रं साबणानं घासायची कोण घाई असते! ओल्या फडक्यानं पुसावं, बाकी ओळख झाल्यावर.

डॉक्टरकडे मात्र लगेच नेलं. रस्त्यावरच्या वाढलेल्या कुत्र्याचं रक्त तपासून घ्यावं, कारण गोचिडांचा ताप अंगात दबा धरून असतो आणि कुत्रं नुसतं 'गरीब स्वभावाचं' वाटतं. रेबीजची लस कानाच्या खाचेवर विसंबून सोडू नये, ती दर वर्षी लागते. जंताचं औषध, दोन वेळचं मऊ जेवण, आणि दिवसभर पाणी भरलेलं भांडं. तिनं सुरुवातीला पाणी फार पिऊन घेतलं; पुन्हा मिळेल याची खात्री नसावी.

घर घाण करण्याची भीती सगळ्यांना असते. तीच सगळ्यात कमी खरी ठरली. मोठं कुत्रं झोपायच्या जागेत घाण करत नाही. अडचण उलटी झाली. पोडियमच्या फरशीवर आणि त्या कृत्रिम हिरवळीवर तिला बसताच येईना, माती हवी. आमच्या आवारात माती उरलेली नाही. रस्ता ओलांडून पिंपळाच्या पारापर्यंत जावं लागे, आणि तिथे तिची जुनी टोळी. सुरुवातीला तिच्या अंगाला लागलेला आमच्या घराचा वास घेऊन ती कुत्री गुरगुरली. तिला घेऊन तिथून शांतपणे निघून यायचं, थांबायचं नाही. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस घेतला. गळ्यात काही आवळलं की ती जमिनीला चिकटायची. दोरी आधी घरातच मोकळी लोंबकळू दिली, तिचा धाक जावा म्हणून.

आणि रात्रीचं भुंकणं. दोनच्या सुमारास वॉचमन शिट्टी मारत फेरी घाले, तेव्हा तांबी बाल्कनीत जाऊन सगळ्या परळला जागं करी. सोसायटीतून तक्रार आली. तिला ओरडून उपयोग नव्हता, ती ड्युटी करत होती. रात्री बाल्कनीचं दार लावून घेतलं, पंखा मोठा केला, आणि दिवसा वॉचमनच्या हातून तिला बिस्किट देववलं. मग तो तिच्या हिशेबात मेंबर झाला. मेंबरावर भुंकायचं नाही, हा तिच्या पूर्वजांचाही नियम होता.

आमच्या ह्यांची काठी हा निराळा अध्याय. गुडघ्यांमुळे ते काठी घेऊन चालतात, आणि काठी दिसली की तांबी थरथरायची. त्यांनी काठी जमिनीवर आडवी ठेवायला सुरुवात केली. तिच्या टोकाशी चपातीचा तुकडा. कितीतरी दिवस तुकडा तिथेच वाळला. नंतर नाहीसा होऊ लागला. कुत्र्याशी कधी अवाक्षर न बोलणारा हा माणूस रोज सकाळी मुकाट्यानं चपातीचा तुकडा मोडतो, हे बघून मला गंमत वाटायची. प्राणिमित्र लोक सांगतात, तीन दिवस बिचकणं, तीन आठवडे घराची रीत कळणं, तीन महिने घर आपलं वाटणं. आकडे ढोबळ आहेत, मुंबईच्या कुत्र्याला दिवाळीचे फटाके मध्येच आले की ते पुन्हा पहिल्या दिवसावर जातं. पण दिवसांत नाही, महिन्यांत मोजायचं, एवढं त्यातलं घेण्यासारखं आहे.

नणंदबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, देवघर आहे ना घरात? कुत्रं कसं चालतं?" मी त्यांना देवघरातली दत्ताची तसबीर दाखवली. त्या चार कुत्र्यांकडे बघून म्हणाल्या, "ती देवाची." मी म्हटलं, "ही वाडीची." त्यांना ते पटलं नाही. तांबी मात्र देवघरासमोरच्या गार फरशीवर दुपारी झोपते, आणि हल्ली उताणी झोपते. रस्त्यावरचं कुत्रं सहसा पोट वर करून झोपत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात कोंडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला, आणि दहाबारा दिवसांत तो बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर पूर्वीच्या जागी सोडावीत, खायला घालण्याच्या जागा ठरवाव्यात, आणि ज्यांना कुत्रं दत्तक हवं त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, स्टेशनं यांच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दल उलट आदेश झाला, ती परत तिथे सोडायची नाहीत. वाद चालू राहील. लहान मुलाला चावलेल्या कुत्र्याची बाजू मी घेणार नाही, आणि आठ आण्यांचा हिशेब पुन्हा सुरू झाला तर त्याचीही घेणार नाही.

माझं म्हणणं फक्त पुनर्विकासात निघालेल्या चाळींच्या कमिट्यांना आहे. बिल्डरशी करार करताना तुम्ही पार्किंग मोजता, कॉर्पस फंड मोजता, भाडं मोजता. पत्रे लागायच्या आत वाडीतली कुत्रीही मोजा. कोणाच्या कानाला खाच आहे, कोणाची लस राहिलीय, ते बघा. चाळीतल्या एखाद्या घरानं एकेक कुत्रं नेलं तरी फुटपाथवर फार उरत नाहीत, कारण वाडीत ती मुळातच पाचसहा असतात. जो नेईल त्यानं महापालिकेचा परवाना काढावा आणि पहिले काही महिने त्याच्यासमोर वाकताना जपून वाकावं.